पहिला ॲस्फेरिक पृष्ठभाग स्वतःच्या हातांनी: १५० मिमीचा पॅराबोलिक आरसा

ॲस्फेरिक भिंगं, म्हणजे ज्यांचा पृष्ठभाग गोलाचा तुकडा नसतो अशी भिंगं, कशी बनतात हे खरोखर समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात भिंगापासून करू नका, आरशापासून करा. भिंगाला दोन बाजू असतात, त्या दोन्हींचे अक्ष एका रेषेत आणावे लागतात आणि काच आतूनही एकजिनसी लागते. आरशाची कामाची बाजू एकच. काचेच्या पोटात एखादा बुडबुडा असला तरी बिघडत नाही, आणि तपासणीचं उपकरण घरी बनवता येतं. न्यूटनियन दुर्बिणीचा पॅराबोलिक (शाळेच्या पुस्तकातल्या शब्दात अन्वस्त आकाराचा) आरसा हा खराखुरा ॲस्फेरिक पृष्ठभाग आहे. तो एकदा हातानं घडवला की कारखान्यातली यंत्रं नेमका कोणता प्रश्न सोडवतात हे कळतं.

हौशी लोकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड गावी रसेल पोर्टर यांनी १९२० पासून कारखान्यात काम करणाऱ्या लोकांना आरसे घासायला शिकवलं. सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉब्सन रामकृष्ण परंपरेतल्या मठात संन्यासी होते आणि तिथे राहून जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचांपासून आरसे बनवत. आपल्याकडे पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा ठिकाणी चौकशी केली तर स्वतः आरसा घासलेलं कुणी ना कुणी भेटण्याची शक्यता बरीच. शक्य असेल तर सुरुवातीला त्यांच्या शेजारी बसून बघा.

आधी गोल, मग पॅराबोला

दोन काचांमध्ये खरखरीत पूड आणि पाणी टाकून त्या एकमेकींवर सगळ्या दिशांनी घासत राहिलं, की वरची काच अंतर्वक्र होते, खालची बहिर्वक्र, आणि दोन्ही पृष्ठभाग आपोआप गोलाचे तुकडे बनतात. यात आपलं कसब फारसं नाही, ही भूमिती आहे. कुठल्याही दिशेला सरकवलं आणि कसंही फिरवलं तरी सगळीकडे एकमेकांना चिकटून राहील अशी जोडी फक्त गोलांचीच असू शकते. जिथे उंचवटा असेल तिथे दाब जास्त येतो, तिथली काच जास्त झिजते, आणि चूक स्वतःच स्वतःला दुरुस्त करते.

पॅराबोलाला ही सोय नाही. त्याची वक्रता मध्यापासून कडेपर्यंत बदलत जाते, त्यामुळे तो कुठल्याच टूलवर, म्हणजे ज्या चकतीवर आरसा घासायचा तिच्यावर, सगळीकडे एकदम बसत नाही. म्हणून पद्धत अशी: आधी शक्य तितका निर्दोष गोल बनवायचा, मग मोजून-मापून त्याला गोलापासून थोडंसं ढळवायचं. पहिल्या भागात निसर्ग तुमच्या बाजूनं असतो. दुसऱ्या भागात तुमच्या बाजूनं फक्त मोजमाप असतं. नवशिक्यांचं लक्ष हाताच्या हालचालींवर असतं, पण आरसा बिघडतो तो बहुतेक वेळा न मोजता केलेल्या पाच मिनिटांच्या घासण्यानं.

ढळवायचं म्हणजे किती? आपण १५० मिमी व्यासाचा, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा घेऊ. नाभीय अंतर १२०० मिमी, वक्रता त्रिज्या त्याच्या दुप्पट, म्हणजे २४०० मिमी. मध्यभागाची खोली येते त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट: ७५ × ७५ ÷ ४८०० = १.१७ मिमी. आता त्याच वक्रतेचा गोल आणि पॅराबोला मध्यावर एकमेकांना टेकवले, तर कडेला दोघांत फरक पडतो फक्त ०.२९ मायक्रॉनचा. सर्वांत जवळचा गोल निवडला तर फरक ०.०७ मायक्रॉनवर येतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन आहे आणि आरशावरची चूक परावर्तनात दुप्पट होते. म्हणजे एफ/८ चा नुसता गोल ठेवला तरी प्रकाशलहरीतली चूक साधारण पाव तरंगलांबी एवढीच राहते, आणि दुर्बीण चालण्याजोगी होते.

म्हणूनच पहिल्या आरशासाठी मी १५० मिमी एफ/८ चाच आग्रह धरतो. पॅराबोला अर्धवट जमला तरी शनीची कडी दिसणारच. हाच आरसा एफ/५ चा केला तर कडेचा फरक ०.२९ वरून १.१७ मायक्रॉनवर जातो, म्हणजे चौपट. आखूड नळीच्या मोहापायी पहिलाच आरसा एफ/५ चा घेऊ नका.

सामान

काच: १५० मिमी व्यास, १९ ते २५ मिमी जाडी. जाड फ्लोट काचेतून गोल कापून घेता येतो. बोरोसिलिकेट मिळाली तर उत्तम, कारण ती तापमानानं साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश प्रसरण पावते. त्यामुळे तपासणीआधी थांबण्याचा वेळ वाचतो. पण साध्या काचेचाही आरसा चांगला होतो.

टूल: दुसरी तशीच काच चालते. स्वस्त पर्याय म्हणजे दातांचे डॉक्टर वापरतात त्या डेंटल स्टोनची त्याच व्यासाची चकती ओतायची आणि तिच्यावर पोर्सेलिन टाइल्सचे तुकडे इपॉक्सीनं चिकटवायचे. चकतीला वॉटरप्रूफ रंग किंवा वार्निशचे दोन हात द्या, नाहीतर ती पाणी पिते.

पुडी: सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कार्बोरंडम, ८०, १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरची. मग ॲल्युमिनियम ऑक्साइड, ९ किंवा ५ मायक्रॉनची. पॉलिशसाठी सेरियम ऑक्साइड. गाडीचे व्हॉल्व घासायची पेस्ट आणू नका, तिच्यात ग्रीस असतं आणि ते निघता निघत नाही.

घासायची जागा अशी हवी की तिच्याभोवती गोल चालता येईल. वाळू भरलेला जुना पिंप सर्वांत चांगला. वर प्लायवूड, त्यावर ओलं वर्तमानपत्र, आणि टूल हलू नये म्हणून तीन लाकडी गुटके.

काम सुरू करण्याआधी काचेच्या दोन्ही कडांना धार लावायच्या दगडानं, पाणी लावून, २-३ मिमीचा तिरपा बेव्हल काढा. घासता घासता तो झिजतो, तेव्हा पुन्हा पुन्हा काढावा लागतो. बेव्हल नसेल तर कडेचा कपचा उडतो, आणि तो कपचा दोन काचांमध्ये सापडला की खोल चरे पडतात.

एक सूचना सुरक्षिततेची. पूड कधीही कोरडी उडू देऊ नका. काचेची आणि कार्बोरंडमची धूळ फुप्फुसांना वाईट. सतत ओलं काम करा. आणि घासल्यावर उरलेला चिखल मोरीत ओतू नका. तो पाइपात बसतो आणि दगडासारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्या आणि तळाचा गाळ कचऱ्यात टाका.

खोली काढणं

टूल खाली, आरसा वर. टूलवर अर्धा चमचा ८० नंबरची पूड, थोडं पाणी, आणि आरसा ठेवून घासायला सुरुवात. या टप्प्यात मध्य लवकर खोल करायचा असतो, म्हणून आरशाचा मध्य टूलच्या मध्यावरून न नेता टूलच्या कडेजवळून, जीवेच्या दिशेनं, पुढेमागे न्यायचा, वरून चांगला दाब देत. आरशाचा मध्य टूलच्या कडेवर घासला जातो आणि खड्डा पडत जातो.

तीन हालचाली एकाच वेळी चालू राहिल्या पाहिजेत: पुढेमागे स्ट्रोक, काही स्ट्रोकनंतर हातातला आरसा थोडा फिरवणं, आणि आपण स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकणं. या तिन्हींचा आपसात कुठलाही ठरावीक मेळ बसू देऊ नका. बेशिस्तपणा इथे गुण आहे, कारण त्यातूनच सगळ्या दिशा सारख्या होतात.

आवाजाकडे लक्ष द्या. ताजी पूड करकरते. दोन-चार मिनिटांत आवाज बसतो, पूड बारीक होऊन मरते. मग पुसून नवी टाका. मेलेल्या पुडीवर घासत बसणं म्हणजे नुसता वेळ जाणं.

खोली मोजायला स्फेरोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर सरळ स्टीलपट्टी आरशावर आडवी ठेवा आणि मध्यावर फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) सरकवून पाहा. पट्टी बेव्हलच्या आतल्या काठावर टेकते हे विसरू नका. बेव्हल सोडून व्यास १४६ मिमी उरला असेल, तर अपेक्षित खोली १.१७ नाही, १.११ मिमी असते. पुढे बारीक पुडीनं पृष्ठभाग जरा गुळगुळीत झाला की आणखी सोपी युक्ती आहे: आरसा पाण्यानं ओला करायचा, उन्हात धरायचा आणि सूर्याचा कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडायचा. सर्वांत लहान ठिपका जिथे पडेल ते अंतर म्हणजे नाभीय अंतर. त्या ठिपक्याच्या रेषेत डोळा मात्र कधीही आणू नका.

खोली हवी तिच्या जवळ आली की जीवेचे स्ट्रोक थांबवा. आता साधे स्ट्रोक: मध्यावरून मध्य, लांबी व्यासाच्या एक तृतीयांश. खड्डा आता हळूहळू गोलाचा तुकडा बनत जातो. काचेवर पेन्सिलनं चौकटी आखा आणि मिनिटभर घासा. सगळ्या रेषा सारख्या पुसल्या गेल्या तर स्पर्श सगळीकडे आहे. मध्याच्या रेषा राहिल्या तर अजून घासायला हवं.

बारीक घासणं

पुढचा प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे खड्डे काढण्यासाठी असतो, दुसरं काही नाही. प्रत्येकावर साधारण तासभर. स्ट्रोक तेच, दाब कमी होत जातो. त्रिज्या थोडी इकडेतिकडे गेली असेल तर इथेच सुधारता येते: आरसा वर ठेवून घासलं की खोली वाढते, टूल वर ठेवून घासलं की कमी होते.

नंबर बदलताना सगळं धुवा. टूल, आरसा, पिंपाचा वरचा भाग, बादली, नखं. वर्तमानपत्र बदला, अंगातला शर्टही बदला. ८० नंबरचा एक कण ४०० च्या कामात शिरला, तर आरशाच्या आरपार एक चरा जातो आणि दोन पायऱ्या मागे जावं लागतं.

पुढच्या नंबरवर जाण्याआधी आरसा धुवून, कोरडा करून, मागून दिवा धरून भिंगातून बघा. मध्यभाग आणि कडेजवळचा भाग सारखाच दिसला पाहिजे. कडेजवळ मोठे खड्डे बहुधा शेवटपर्यंत राहतात, म्हणून तिथे जास्त वेळ पाहा.

६०० च्या पुढे दोन काचा कधी कधी एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. पट्टी घालून उचकटू नका. पाण्यात बुडवून ठेवा, मग लाकडी ठोकळा लावून आडवा हलका ठोका द्या. हे टाळायचं तर पाणी संपू देऊ नका आणि स्ट्रोकच्या मधे थांबू नका.

पिच

पॉलिशसाठी टूलवर पिचचा थर द्यायचा. पिच म्हणजे राळ आणि थोडं एरंडेल किंवा टर्पेंटाइन एकत्र वितळवून बनवलेला पदार्थ. पटकन दाबलं तर कडक, सावकाश दाबत राहिलं तर वाहणारा. याच गुणामुळे तो आरशाच्या आकाराला अंगासरशी बसतो आणि तरी सेरियमचे कण घट्ट धरून ठेवतो. राळ उघड्या ज्योतीवर वितळवू नका, टर्पेंटाइन पेटतं. हॉटप्लेटवर, मंद आचेवर, हवा खेळती ठेवून.

कडकपणा ठरवायला अंगठ्याचं नख. खोलीच्या तापमानाला आलेल्या पिचच्या तुकड्यावर नख जोरात दाबून काही सेकंद धरलं की खूण उमटली पाहिजे. लगेच उमटली तर पिच मऊ, उमटलीच नाही तर कडक. महाराष्ट्रात मे महिन्यात जे पिच हवं ते डिसेंबरात चालत नाही: उन्हाळ्यात राळ वाढवा, थंडीत एरंडेल. माझ्या मते पॉलिश आणि फिगरिंगला (पृष्ठभागाला शेवटचा नेमका आकार देण्याला) सर्वांत चांगला काळ पावसाळा. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी असतो, पिच आणि काच दोन्ही शांत राहतात, आणि आकाश तसंही ढगांनी झाकलेलं असतं.

टूलभोवती कागदी टेपची भिंत करून पाच-सहा मिमी जाडीचं पिच ओता. जरा घट्ट झालं की सेरियम लावलेला ओला आरसा त्यावर दाबून आकार द्या. मग ब्लेडनं २५ मिमीचे चौकोन कापा. चौकोनाचा मध्य किंवा चरांचा छेद टूलच्या मध्याशी जुळू देऊ नका, तो बाजूला सरकवा, नाहीतर आरशावर गोल कडी उमटतात. शेवटी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा मधे ठेवून पुन्हा दाबा. जाळीच्या खुणा राहतात, त्यांत सेरियम थांबतं आणि पिच आरशाला पटकन बसतं.

पॉलिश

सेरियम पातळ दुधाइतकं पाण्यात कालवा. प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी आरसा पिचवर ठेवून वर चार-पाच किलो वजन द्या आणि वीस मिनिटं थांबा. पिच आरशाला जुळलं पाहिजे. हे टाळलं की कड खाली पडते, म्हणजे कडेची काच जास्त झिजून खाली उतरते, आणि खाली पडलेली कड दुरुस्त करणं हे या छंदातलं सर्वांत कंटाळवाणं काम.

आरसा वर, एक तृतीयांश स्ट्रोक, बाजूला थोडे पसरत डब्ल्यू आकारात. हात आरशाच्या मध्यावर, कडेवर नाही. पूर्ण चकाकी यायला सहा ते दहा तास लागू शकतात, टप्प्याटप्प्यानं. पहिल्या तासाभरात आरसा चमकायला लागतो, पण ते अर्धंही काम नाही. लाल लेसर पॉइंटर पृष्ठभागावर मारा. ठिपका दिसला तर खड्डे शिल्लक आहेत. मध्यावर, अर्ध्या वाटेवर आणि कडेला कुठेच ठिपका दिसेनासा झाला, की पॉलिश पूर्ण.

टेस्टर: इथे घाई नको

१८५८ च्या सुमारास लिओं फुको यांनी जी चाचणी काढली, तीच आजही घराघरांत वापरतात. आरशाच्या वक्रता केंद्रापाशी, म्हणजे आपल्या आरशापासून २.४ मीटरवर, प्रकाशाची एक बारीक फट ठेवायची. प्रकाश आरशावर जातो, परत तिथेच शेजारी गोळा होतो. तिथे दाढीच्या ब्लेडची धार आडवी आणून तो प्रकाशकिरणांचा झुबका कापायचा आणि ब्लेडच्या मागून आरशाकडे बघायचं. मायक्रॉनच्या शंभराव्या भागाचे चढउतार डोळ्यांना डोंगरदऱ्यांसारखे दिसतात. दोन ब्लेड आणि एक दिवा यांच्या बळावर इतकं दिसावं याचं मला आजही तितकंच नवल वाटतं.

बांधणी साधी. एलईडीसमोर दोन ब्लेडची फट, प्रकाशाला जेमतेम वाट राहील इतकी. तिच्याशेजारी तीन-चार सेमीवर कापायचं ब्लेड. दोन्ही एकाच सरकत्या फळीवर. फळी आरशाकडे आणि आरशापासून मागे सरकवायला एम ६ चा बोल्ट लावा: त्याचा आटा एका फेऱ्याला बरोबर १ मिमी सरकतो. डायल गेज मिळाला तर आणखी चांगलं. पंखा बंद, खिडक्या बंद, आरसा आणि टेस्टर दोन्ही जमिनीवर पक्क्या आधारावर.

ब्लेड डावीकडून आत घ्या. सावली आरशावर डावीकडूनच आली तर ब्लेड वक्रता केंद्राच्या आत आहे, आरशाच्या बाजूला. उलटीकडून आली तर केंद्राच्या बाहेर. बरोबर केंद्रावर गोल आरसा एकाच क्षणी सगळीकडे सारखा राखाडी होतो. तो क्षण आला की तुमच्याकडे खरा गोल आहे. पॅराबोलाची सुरुवात इथून करायची, त्याआधी नाही.

आता एक प्रयोग करून बघाच. आरशाच्या पृष्ठभागावर बोट काही सेकंद टेकवा आणि लगेच टेस्टरमधून पाहा. बोटाच्या उबेनं फुगलेला उंचवटा स्पष्ट दिसतो आणि मिनिटामिनिटाला विरत जातो. यावरून लक्षात येईल की पॉलिश केल्या केल्या घेतलेलं माप का खोटं असतं. हाताची ऊब आणि घर्षण यांनी आरसा तापलेला असतो. साध्या काचेला किमान तासभर द्या. बोरोसिलिकेटला कमी वेळ पुरतो, पण घाई तिथेही नको.

गोलापासून पॅराबोलाकडे

पॅराबोलात कडेच्या भागाचं वक्रता केंद्र मध्याच्या केंद्रापेक्षा आरशापासून दूर असतं. किती दूर, हे मोजून आरसा तपासायचा. त्यासाठी पुठ्ठ्याचा मुखवटा कापा, फ्रेंच दुर्बीणतज्ज्ञ आंद्रे कूदे यांच्या नावानं तो ओळखला जातो. त्याला आरशाच्या डाव्या-उजव्या बाजूंना चार झोनच्या, म्हणजे मध्याभोवतीच्या चार कडीसारख्या पट्ट्यांच्या, खिडक्या असतात. १५० मिमीसाठी झोनच्या बाहेरच्या त्रिज्या घ्या ३७.५, ५३, ६५ आणि ७५ मिमी. असे झोन घेतले की चौघांचं क्षेत्रफळ सारखं येतं, आणि हिशेब फार सोपा होतो.

प्रत्येक झोनची सरासरी त्रिज्या अनुक्रमे २६.५, ४६, ५९ आणि ७०. फट आणि ब्लेड एकत्र सरकत असतील, तर आदर्श जागा मिळते सरासरी त्रिज्येचा वर्ग भागिले ४८००: ०.१५, ०.४४, ०.७३ आणि १.०३ मिमी. म्हणजे एका झोनवरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी ०.२९ मिमी मागे सरकायचं, आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत एकूण ०.८८. फट स्थिर ठेवून फक्त ब्लेड सरकवत असाल तर सगळे आकडे दुप्पट.

प्रत्येक झोनला डावी आणि उजवी खिडकी एकाच वेळी, सारखीच अंधारेल अशी ब्लेडची जागा शोधा. तीन ते पाच वेळा वाचन घ्या, सरासरी काढा, वहीत तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान यांसकट लिहा. वही नसेल तर पुढे जाऊ नका.

घासण्याची पद्धत आता बदलते. आरसा वर, स्ट्रोक लांब, व्यासाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास, आणि डब्ल्यू करत दोन्ही बाजूंना जास्त बाहेर जाणारे. त्यामुळे मध्य जास्त झिजतो आणि कडेकडे झीज कमी होत जाते. दोन-तीन मिनिटं, बास. धुवा, तासभर थांबा, मोजा.

मुखवटा काढून पाहिलं तर पॅराबोला टेस्टरमध्ये मेदूवड्यासारखा दिसतो: मध्ये खळगा, त्रिज्येच्या साधारण ७० टक्क्यांवर कडं, आणि बाहेर पुन्हा उतार, सगळं एका बाजूनं उजळलेलं. हे चित्र दिसायला लागलं की हात आपोआप आणखी घासायला मागतो. आकडे काय म्हणतात ते पाहा. एकूण फरक ०.६ मिमी आला तर काम बाकी आहे, आणखी दोन मिनिटं. ०.८८ च्या जवळ आला तर थांबा. १.१ झाला तर पॅराबोला ओलांडून हायपरबोला झाला आहे, आणि आखूड स्ट्रोकनी हळूहळू गोलाकडे परतावं लागेल.

आकड्यांसोबत आणखी दोन चाचण्या करा. रॉन्की जाळी, म्हणजे इंचाला १०० रेषांची पारदर्शक पट्टी, ब्लेडच्या जागी धरा. वक्रता केंद्राच्या आतून पाहिलं तर गोलाच्या रेषा सरळ दिसतात, पॅराबोलाच्या रेषा मध्यावर बाहेर फुगून टोकांना आत वळतात. टोकाशी एखादी रेष अचानक आकड्यासारखी वाकली, तर कड खाली पडली आहे. मग आरसा त्याच्या स्टँडवर ९० अंशांत फिरवून पुन्हा पाहा. विकृती आरशाबरोबर फिरली तर आरशात ॲस्टिग्मॅटिझम (वेगवेगळ्या दिशांना वेगळी वक्रता) आहे, जागीच राहिली तर स्टँडचा दाब आहे.

एकाच चाचणीवर का विसंबू नये, हे हबल दुर्बिणीनं जगाला दाखवलं. १९९० मध्ये सोडलेल्या तिचा २.४ मीटरचा आरसा ज्या उपकरणानं तपासला, त्यातलं एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. आरसा त्या चुकीच्या मापाला विलक्षण अचूकपणे घासला गेला आणि कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी दोष दाखवला होता, पण विश्वास त्या एकाच उपकरणावर ठेवला गेला.

मुलामा

मुलामा देण्याआधी आरसा नळीत बसवून चंद्र बघून घ्या. उघडी काच फक्त चार टक्के प्रकाश परावर्तित करते, पण चंद्रासाठी तेवढा पुरतो, आणि काही बिघडलं असेल तर आत्ताच कळतं. मग ॲल्युमिनियमचा मुलामा निर्वात यंत्रात द्यायला प्रकाशीय काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे किंवा उद्योगाकडे पाठवा. कुणाकडे ते खगोल मंडळींकडे विचारा. घरी चांदीचा मुलामा देण्याच्या रसायनांच्या वाटेला जाऊ नका: ते द्रावण साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. मुलामा झालेला आरसा कपड्यानं पुसायचा नाही. प्रकाश नळीच्या बाजूला वळवणारा दुसरा लहान सपाट आरसा विकतच घ्या, तो बनवणं हे वेगळं शास्त्र आहे.

भिंगाकडे वळायचं तर

आता भिंगाचं गणित सोपं वाटेल. आरशावरची चूक प्रकाशलहरीत दुप्पट होते. भिंगात ती काचेच्या अपवर्तनांक वजा एक इतकीच, म्हणजे साधारण निम्मी होते. म्हणून त्याच दर्जासाठी आरशाचा पृष्ठभाग भिंगाच्या चौपट अचूक लागतो. भिंगातली अडचण दुसरीकडे असते: दोन बाजूंचं केंद्र जुळवणं, आणि कितीतरी जास्त ॲस्फेरिक फरक. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली प्लास्टिकची भिंगं हिऱ्याच्या टोकानं कोरलेल्या साच्यांत ओततात. मोठ्या अचूक भिंगांना संगणकाधारित यंत्रानं आकार देतात, लहान टूल किंवा चुंबकानं घट्ट होणाऱ्या द्रवानं जागच्या जागी पॉलिश करतात, आणि इंटरफेरोमीटरनं (प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून मोजणाऱ्या उपकरणानं) मोजतात. हातानं केलेलं चक्र तेच: मोजा, थोडं काढा, पुन्हा मोजा.

एक वाट मात्र मला फार सुंदर वाटते. काच आधी हिशेबानं वाकवायची, वाकलेल्या अवस्थेत तिच्यावर गोल घासायचा आणि मग ताण सोडायचा. काच मूळ स्थितीला येते आणि गोलाचा ॲस्फेरिक पृष्ठभाग बनतो. निसर्ग गोल देतो ना, तर त्याच्याकडून गोलच घ्यायचा. बर्नहार्ड श्मिट यांनी आपल्या कॅमेऱ्याच्या काचेसाठी १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि हवाईतल्या केक दुर्बिणीचे १.८ मीटरचे ३६ तुकडे याच तत्त्वावर घडवले गेले. नियोजित टीएमटी (थर्टी मीटर टेलिस्कोप) दुर्बिणीच्या १.४४ मीटरच्या ४९२ तुकड्यांपैकी काहींचं काम भारताच्या वाट्याला आहे. त्यासाठी बंगळुरूजवळ होस्कोटे इथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं सुविधा उभारली, आणि या प्रकल्पातल्या भारतीय भागीदारांत पुण्याची आयुकाही आहे.

पण भिंगाआधी दुसरा आरसा करा: २०० मिमी, एफ/६. त्याचंही नाभीय अंतर १२०० आणि वक्रता त्रिज्या २४०० मिमीच, त्यामुळे टेस्टर आणि त्याची जमिनीवरची जागा तशीच राहते. खोली मात्र २.०८ मिमी होते आणि कडेला गोल-पॅराबोलातला फरक ०.९ मायक्रॉन, पहिल्या आरशाच्या तिप्पट. इथे नुसता गोल ठेवून भागत नाही.